लवकर झालेली नोंद

कोणत्याही संस्कृतीची पारख एका प्रश्नावरून होते. दुसऱ्याला "बरा आहेस ना?" असं ती किती वेळा आणि किती मनापासून विचारते, यावरून. आमच्या कार्यालयात हा प्रश्न दर पाच सेकंदांनी विचारला जात असे. रात्रंदिवस, रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारीसुद्धा. विचारणारं एक यंत्र होतं आणि उत्तर देणारीही यंत्रंच होती. माणसांनी एकमेकांना तो विचारल्याचं मला फारसं आठवत नाही.

कार्यालय भंडाऱ्याला होतं. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याला बरीच वर्षं लोटली होती, तरी स्टोअरमधल्या लोखंडी कपाटांवर पिवळ्या रंगात तिकडच्या तालुक्यांची नावं अजून होती. जिल्हा निम्मा झाला, पण साहेबांच्या पदांची संख्या तीच राहिली. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आलं होतं आणि ते कुठेतरी खर्च करणं भाग होतं. आमचा सर्व्हर कक्ष त्यातूनच उभा राहिला.

मी तिथे कंत्राटी नेटवर्कवाला होतो. माझं काम समजायला कठीण नाही. कक्षात तीन सर्व्हर होते. दाखले, अर्ज, वेगवेगळ्या नोंदण्या, असा जिल्ह्याचा कारभार त्या तिघांवर चालायचा. तिघांच्या पुढे लोड बॅलन्सर नावाचं एक चपटं यंत्र. दवाखान्यात तीन डॉक्टर असले की बाहेरचा कंपाउंडर जसा "तुम्ही या खोलीत, तुम्ही त्या खोलीत" करतो, तसं ते करायचं. ज्याच्याकडे गर्दी कमी, त्याच्याकडे नवा माणूस. पण एखादा डॉक्टर जागेवरच नसला तर ते कंपाउंडरला कळायला हवं. म्हणून त्या यंत्रात हेल्थ मॉनिटर असतो. तो दर पाच सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला विचारतो, बरा आहेस ना? उत्तर नीट आलं तर भिंतीवरच्या टीव्हीत हिरवा ठिपका, नाही आलं तर लाल. लाल झालेल्याकडे माणसं पाठवणं बंद.

सगळी मेख काय विचारायचं यात आहे. मी सुरुवातीला जो मॉनिटर बसवला, तो कडक होता. तो सर्व्हरला एक खोटी नोंद करायला लावायचा आणि तीच नोंद परत वाचून दाखव म्हणायचा. म्हणजे नुसतं "हो" म्हणून भागायचं नाही, काम करून दाखवावं लागायचं. आणि हे सगळं मी हाताने न करता एका स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलं होतं. लोड बॅलन्सरमध्ये काय कसं असायला हवं, ते त्या स्क्रिप्टला माहीत. दररोज सकाळी सहाला ती चालायची, प्रत्यक्ष यंत्राशी आपली यादी ताडून पाहायची, आणि कुठे फरक दिसला तर आपल्या यादीप्रमाणे करून टाकायची. झालं की मला एक मेल पाठवायची. कार्यालयात रोज वेळेवर येणारी ती एकटीच होती.

साहेब पुण्याकडून बदलीवर आले होते. त्यांना ही स्क्रिप्ट फार आवडली. त्यांनी तिला "शून्य मानवी हस्तक्षेप" असं नाव दिलं आणि ते फलकावर लिहायला टाकलं. मग उद्घाटन ठरलं. मंडप आला, खुर्च्यांना पांढरी कापडं चढली. आदल्या दिवशी साहेब टीव्हीसमोर उभे असताना तिसरा ठिपका लाल झाला आणि दहा सेकंदांनी परत हिरवा झाला.

"हे काय?"

"सर, डेटाबेस जरा हळू चालला की तसं होतं. मॉनिटर कडक आहे."

"उद्या पाहुण्यांसमोर हे व्हायला नको."

"तसं झालं तर तो खरं बोलतोय असंच समजायचं, सर."

"खरं आपण परवापासून बोलू," साहेब म्हणाले. वाईट माणूस नव्हता. त्यांना उद्याचा दिवस पार पाडायचा होता.

मी स्क्रिप्ट बदलली. प्रत्येक सर्व्हरवर एक छोटी फाइल ठेवली, तिच्यात एकच शब्द लिहिला, "ठीक", आणि मॉनिटरला सांगितलं की एवढा शब्द वाचायला मिळाला की पुरे. आमच्या भागात सलाईन लावलेला माणूसही, भेटायला आलेल्यानं विचारलं की "बरा हावो जी" म्हणतो. सर्व्हर आता तसेच झाले. उद्घाटनाच्या दिवशी तिन्ही ठिपके असे हिरवे होते की पाहुण्यांनी त्यांच्यासोबत फोटो काढला.

तिसऱ्या दिवशी मी शब्दाला जागलो. लोड बॅलन्सरच्या खिडकीत जाऊन माझ्या हाताने कडक मॉनिटर परत लावला. तीन ठिकाणी टिचक्या मारायच्या होत्या, चार मिनिटं लागली. मला स्वतःबद्दल बरं वाटलं आणि मी चहाला गेलो. यादी मात्र स्क्रिप्टमध्ये होती आणि तिच्यात अजून "ठीक" हाच शब्द होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती आली, यंत्रात काहीतरी वेगळं दिसलं, कुणीतरी मानवी हस्तक्षेप केला होता. तिने तो दूर केला आणि मला मेल पाठवला, "बदल: एक." ते मेल मी केव्हाच एका फोल्डरमध्ये आपोआप जातील असं करून ठेवलं होतं. मी ते वाचत नसे. रोज एकच असायचं, "बदल: काही नाही."

अशा रीतीने पुढचे तीनेक महिने मी समजत होतो की मॉनिटर कडक आहे.

त्या दिवसांत विणकरांची नोंदणी सुरू झाली. ज्यांच्या घरी हातमाग आहे त्यांची नावं ऑनलाइन घ्यायची, ओळखपत्रं काढायची, शेवटची तारीख ठरलेली. गावोगावच्या केंद्रांवर ऑपरेटर होते. आंधळगावच्या केंद्रावर एक बाई होत्या, पस्तिशीच्या. त्या स्वतः विणकराच्या घरच्या, बी.ए. झालेल्या. मी त्यांना ताई म्हणत असे आणि त्या मला सर. प्रत्यक्ष भेट नव्हती, फक्त फोनवर बोलणं. त्यांची नेमणूक कंत्राटावर, दरवर्षी नवी होणारी. दोन गोष्टी आमच्यात समान होत्या, कंत्राट आणि ते जाण्याची भीती.

त्यांचा पहिला फोन आला तेव्हा मी जेवत होतो.

"सर, कालच्या नोंदी दिसून नाही राहिल्या."

"मधात नेट गेलं असन, ताई."

"नेट गेलं तं ते 'यशस्वी' कायले म्हणन? आमच्या काकूची नोंद मी सोता केली. 'नोंद यशस्वी' म्हणून आलं. आज पाहते तं काकूच नाही."

मी टीव्हीकडे पाहिलं. "इकडं तिन्ही हिरवे आहेत."

"बांधीतला धानही हिरवाच दिसते जी. दाना भरला का नाही ते हात लावल्याशिवाय समजते का?"

मी हसलो आणि पाहतो म्हणालो. पाहिलं म्हणजे पुन्हा एकदा टीव्हीकडे पाहिलं.

प्रत्यक्षात काय झालं होतं ते मला पुढे कळलं, पण इथेच सांगून टाकतो. वरून सुरक्षेचा आदेश आला होता, त्यानुसार डेटाबेसमध्ये नोंद लिहिण्याचा पासवर्ड कुणीतरी बदलला. तो दोन सर्व्हरवर बदलला आणि तिसऱ्यावर राहिला. तिसरा सर्व्हर जुन्या नोंदी दाखवू शके, नवी लिहू शकत नसे. प्रोग्राम ज्यानं लिहिला त्यानं नोंद खरोखर जतन झाली की नाही हे पाहण्याआधीच "नोंद यशस्वी" दाखवायचं ठरवलं होतं. आशावादी गृहस्थ असावा. पण खरी गंमत पुढे आहे. लिहायचंच नसल्यामुळे तिसऱ्या सर्व्हरचं काम झटकन आटपे. काम आटपलं की त्याच्याकडे गर्दी कमी. आणि गर्दी कमी दिसली की लोड बॅलन्सर नवी माणसं त्याच्याकडेच पाठवे. काम न करणाऱ्याकडे जास्त काम जातंय असं मी सरकारी इमारतीत एवढं एकदाच पाहिलं. कडक मॉनिटर असता तर पहिल्या पाच-दहा सेकंदांत तो लाल झाला असता. "ठीक" ही फाइल मात्र तिथे सुरक्षित होती.

आठेक दिवसांनी ताईंचा दुसरा फोन आला.

"सर, मी नीट पाहून ठेवलं. जे नोंद पटकन होते ना, ते राहत नाही. जे गिरगिर फिरून फिरून होते, ते राहते."

"ताई, साऱ्या दुनियेतले लोक लवकर व्हावं म्हणून रडून राहिले, अन् तुमी हळू व्हावं म्हणता."

"मी काई म्हणून नाही राहिली. दिसते ते सांगून राहिली."

"मग काय करता तुमी?"

"पटकन झाली का पुन्हा भरा लागते. माणूस म्हणते, ताई, झालं न आता, जाऊ का? मी म्हणते, थांबा बापा, लय लवकर झालं. लोकाईले वाटते मले येतच नाही."

ही गोष्ट मी दुपारी कँटीनमध्ये सांगितली आणि सगळे पोट धरून हसले. मी रंगवून सांगत असे. आज मला त्या हशाइतकं दुसरं काही स्पष्ट आठवत नाही. कारण त्या बाईनं, सर्व्हर म्हणजे काय हे न पाहता, आंधळगावच्या एका खोलीत बसून, नुसतं स्क्रीनवरचं चाक किती वेळ फिरतं हे मोजून, माझ्या यंत्रातला रोग अचूक सांगितला होता. माझ्याकडे तीन प्रमाणपत्रं होती.

तिसरा फोन शेवटच्या तारखेला, सकाळीच.

"सर, आज आखरी दिवस हाय. एकडाव ते मशिनी बंद करून चालू तं करा."

"चालू मशीन बंद करायले कारण लागते, ताई. तसं पत्र लागते."

"मी सांगून राहिली, हे कारण नाही का?"

मी पत्राचंच पुन्हा सांगितलं आणि फोन ठेवला. बंद-चालू करून पासवर्ड काही सुधारला नसता, हे खरं आहे. पण त्या निमित्तानं मी आत डोकावलो असतो.

यादी लागली तेव्हा आंधळगावची कितीतरी घरं तिच्यात नव्हती. दुसऱ्यांदा भरूनही काकू नव्हत्या, ज्यांच्या घरी ताईंच्या जन्माआधीपासून माग चालत होता. आणि काही नावं दोनदा होती. ताईंनी घाईगर्दी नसलेल्या वेळी, चांगल्या सर्व्हरवर लवकर झालेल्या नोंदीसुद्धा संशयानं परत भरल्या होत्या, त्या. इतर केंद्रांवरचीही नावं गेली होती, पण तिथल्या ऑपरेटरांनी परत काही भरलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या कामात दोष दिसत नव्हता. दोनदा आलेली नावं डोळ्यांत भरतात. नसलेली भरत नाहीत. चौकशी आंधळगावचीच लागली.

चौकशीच्या दोन दिवस आधी साहेबांनी मला तांत्रिक अहवाल मागितला. तो लिहायचा म्हणून मी पहिल्यांदा ते मेलचं फोल्डर उघडलं. काही नाही, काही नाही, काही नाही, अशी रांग खाली घरंगळत गेली, आणि माझ्या टिचक्यांच्या दुसऱ्या दिवशीची ती ओळ दिसली. बदल: एक. मग लोड बॅलन्सर उघडला. मॉनिटर मोठ्या निष्ठेनं "ठीक" वाचत होता. मी कडक मॉनिटर लावला, या वेळी स्क्रिप्टमध्ये, आणि ती स्वतः चालवली. दहा सेकंदांत तिसरा ठिपका लाल झाला. पासवर्ड सापडायला आणखी पंधरा मिनिटं लागली. मग तो हिरवा झाला, आणि सगळं पूर्वीसारखं दिसू लागलं. कक्षात दुसरं कुणी नव्हतं.

अहवालात मी यातलं काही लिहिलं नाही.

कारणं सांगतो, पण त्यांना कारणं म्हणून किती मान द्यायचा ते तुम्ही ठरवा. माझ्या कंत्राटाचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं. आणि पुढच्या आठवड्यात नागपूरला एका परिषदेत मी "शून्य मानवी हस्तक्षेप" या विषयावर बोलणार होतो, माझा फोटो पत्रिकेत छापून झाला होता. दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं होतं, हे कबूल करायला मला फार वर्षं लागली. पोटासाठी गप्प बसलो म्हटलं की लोक समजून घेतात. पत्रिकेतल्या फोटोसाठी गप्प बसलो, हे कुणाला सांगणार?

बैठकीत ताईंना मी पहिल्यांदा पाहिलं. टेबलाच्या टोकाला त्या पदर आवरून बसल्या होत्या. साहेबांनी मला विचारलं, "त्या काळात सर्व्हर बंद होते का?"

"नाही, सर."

"मॉनिटरवर काही बिघाड दिसला?"

"नाही, सर. तिन्ही हिरवे होते."

"या बाईंचं म्हणणं आहे की लवकर झालेली नोंद राहत नाही. असं तांत्रिकदृष्ट्या काही असतं?"

टेबलाभोवती हलकंसं हसू फिरलं. कँटीनमधली गोष्ट पोहोचलेली होती. मी म्हणालो, "असं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, सर."

त्या दिवशी मी एकही खोटं वाक्य बोललो नाही. बोललो असतो तर पुढे ते निदान मागे घेता आलं असतं. ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागानं नाही. माणूस घड्याळाकडे पाहतो तसं, किती वाजले हे कळलं की पुरे, असं. पुढच्या महिन्यात त्यांचं कंत्राट नवं झालं नाही. माझं झालं. नागपूरच्या भाषणाला टाळ्या पडल्या.

चार वर्षं गेली. साहेब बदलून गेले, मी नोकरी सोडली आणि एका खासगी कंपनीत लागलो. एकदा तुमसरहून परतताना गाडी मोहाडीपाशी वळवली आणि आंधळगावला गेलो. ताईंनी आता स्वतःचं दुकान टाकलं होतं, ते विचारत शोधायला लागलं नाही. बसथांब्यासमोर झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन. त्या एका म्हाताऱ्याचा अर्ज भरत होत्या. मी स्टुलावर बसलो आणि त्याचं काम झाल्यावर सगळं सांगितलं. उद्घाटन, ठीक, बदल एक, फोल्डर, परिषद. वाटेत मी वाक्यं जुळवत आलो होतो आणि ती मला बरी साधली.

ताई स्टेपलर शोधत होत्या. तो सापडल्यावर म्हणाल्या, "मले वाटलंच होतं जी."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला न. लय दिवस होता. तुमच्यावर नाही, माह्यावर. मशिनीवर शक होता, तरी वाटे, आपलंच काही चुकलं असन. चार वर्षं तेच वाटून राहिलं होतं मले." त्यांनी कागद टाचले. "आता सांगून तुमाले हलकं वाटलं असन."

मी स्टूल काउंटरजवळ सरकवलं.

"मले काय करायचं त्याचं? काकू अजून म्हणते, घरच्याच पोरीनं नाव बुडवलं. काकूले सांगू का, सर येऊन चहा पिऊन गेले म्हणून? लिहून द्या. सहीनं. हापिसात द्या अन् पोच आणा."

त्यांच्याच कॉम्प्युटरवर मी लिहायला बसलो. चूक माझी आहे, सदर ऑपरेटरचा दोष नाही, तिचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं, तशी दुरुस्ती अभिलेखात व्हावी. ताई मागे उभ्या राहून वाचत होत्या. एका ठिकाणी मी "अनवधानाने" लिहिलं होतं. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"पयल्या डाव अनवधान. मीटिंगमधी काय होतं?"

मी तो शब्द खोडला आणि "माहीत असूनही" लिहिलं. प्रिंट काढली, सही केली, दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला आवक विभागात देऊन शिक्का घेतला. मला वाटलं होतं, आता बोलावणं येईल, चौकशी लागेल, निदान नव्या कंपनीत कुणीतरी विचारील. मी तयारीत होतो. खरं तर वाट पाहत होतो.

पाच महिन्यांनी उत्तर आलं, एक प्रत मला आणि एक ताईंना. त्यात लिहिलं होतं की सदर महिला बाह्य संस्थेमार्फत असल्याने या कार्यालयाच्या आस्थापनेवर कधीही कार्यरत नव्हत्या, सबब त्यांच्याकडून कोणतीही चूक झाल्याची नोंद या कार्यालयात उपलब्ध नाही. तसेच अर्जदाराने स्वतःची म्हणून नमूद केलेल्या चुकीचीही नोंद उपलब्ध नाही. प्रकरण नस्तीबंद करण्यात येत आहे.

ताईंनी त्यातल्या पहिल्या वाक्याखाली लाल पेनानं रेघ मारली, काकूंना ते दोनदा वाचून दाखवलं आणि पत्र लॅमिनेट करून काउंटरच्या मागे लावलं. शेजारी पासपोर्ट फोटोच्या मापांचा तक्ता आहे.